खोडलेल्या किमतीचे वाचन

वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी रहिवाशांना मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन-तीन पिढ्या काढलेली कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. चाळीत कपडे धुण्याचे यंत्र ठेवायलाच जागा नव्हती, त्यामुळे ते कोणते घ्यावे आणि केवढ्याला घ्यावे हा प्रश्न कधी पडला नव्हता. नव्या घरात यंत्र, मोठा फ्रीज, कपाट, पडदे असे सगळे एकदमच घ्यायचे आले. नेमके त्याच सुमारास मोबाईलवर सणाचे सेल सुरू झाले.

मी त्या इमारतींत राहत नाही. माझी चाळ पलीकडच्या गल्लीत आहे. पण आयुष्यभर हिशेबनिशीची कामे केल्यामुळे मला आकडे कळतात असा परिसरात समज आहे. ‘काका, जरा बघा ना, भाव बरोबर आहे का?’ असे म्हणत मोबाईल पुढे करणारी मंडळी त्या काळात रोज भेटत होती. त्या निमित्ताने मी विक्रीची बरीच पाने वाचली आणि त्यांतले आकडे वहीत उतरवत गेलो. कवितेची किंवा नाटकाची समीक्षा होते, तशी या पानांची कोणी करताना दिसत नाही. वास्तविक त्यांतला प्रत्येक आकडा वाचकाला एका ठराविक निष्कर्षाकडे नेण्यासाठी मांडलेला असतो. ‘भाव बरोबर आहे का?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या पानातून मिळू शकते का, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

वाटा आणि पान

तुलनेसाठी आधी वरळी कोळीवाड्याच्या मासळीबाजारात जाऊ. तिथे बोंबील, मांदेली, कोळंबी बहुधा वाट्यावर मिळते. ना वजन, ना छापील किंमत. कागदोपत्री पाहिले तर ग्राहकाला याहून असुरक्षित व्यवहार असू नये. तरीही नेहमी जाणारी बाई सहसा फसत नाही. कल्ले लाल आहेत का हे ती पाहते, बोटाने दाबून मासळी ताजी की बर्फातली हे ओळखते, आणि शेजारच्या पाटीतला वाटा डोळ्यांनी तोलते. मुख्य म्हणजे परवा काय भाव होता हे तिला आठवत असते, आणि ते तिला आठवते आहे हे विकणारीलाही ठाऊक असते. पावसाळ्यातली बंदी उठून होड्या दर्यात गेल्या, की भाव उतरणार हे दोघींनाही माहीत असते. घासाघीस चालते ती या समान माहितीच्या आधारावर.

म्हणजे बाजारात रास्त भाव ठरतो तो भावाच्या सामाईक आठवणीवर. मोबाईलच्या पानावर वस्तूचे सहा फोटो असतात, गुणांची यादी असते, हजारो तारे असतात. नसते ती फक्त ही आठवण. गेल्या आठवड्यात हीच वस्तू केवढ्याला होती, महिन्यापूर्वी केवढ्याला होती, हे विकणाऱ्याच्या नोंदीत तासातासाने असते. आपल्यासमोर येतो तो फक्त आताचा भाव, आणि त्याच्या शेजारी एक खोडलेला आकडा. भूतकाळ म्हणून आपल्याला दिला जातो तो एवढाच. आपण त्याला ‘आधीची किंमत’ समजतो. बहुतेक वेळा ती आधीची किंमत नसतेच. ती असते एमआरपी.

ढालीचे आमिष कसे झाले

एमआरपी, म्हणजे कमाल किरकोळ किंमत, ही आपल्या ग्राहक कायद्यातली मोठी कमाई आहे. ती कोणत्या परिस्थितीत आली हे आठवले पाहिजे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत साखर, रवा, तेल, रॉकेल मिळणे हीच लढाई होती. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या काळात दुकानदार सांगेल तो भाव, अशी अवस्था होती. वजने-मापांचा कायदा १९७६ साली आला आणि बंद पाकिटातल्या मालाचे नियम १९७७ साली. त्या नियमांनुसार पाकिटावर किंमत आली खरी, पण ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापण्याची मुभा राहिली. कर किती हे गिऱ्हाइकाला कुठे ठाऊक असणार? दुकानदार लावील तेवढा कर. १९९० साली नियम बदलला आणि सर्व करांसह कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. पुढे २००९चा वैधमापन कायदा आणि २०११चे नियम आले. ऑनलाइन विक्रीच्या पानावरही एमआरपी दाखवण्याची सक्ती १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली.

या साऱ्या इतिहासात एमआरपीचे काम एकच होते : यापुढे जायचे नाही, असे दुकानदाराला बजावणे. टंचाईच्या काळात, आडगावी, रेल्वे स्थानकावर, जिथे गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नसतो तिथे, ही ढाल आजही उपयोगी आहे. ती काढून टाका असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण ढालीच्या रचनेत एक मोकळी जागा पहिल्यापासून होती. कमाल किंमत किती छापायची हे उत्पादक किंवा आयातदारच ठरवतो. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशासारख्या मोजक्या तरतुदी सोडल्या, तर त्या आकड्याला सरकारी मर्यादा नाही. टंचाईत विक्रेत्याचा कल छापील किमतीच्या वर जाण्याकडे असतो. मुबलकतेत तो उलटतो, आणि छापील किंमत फुगवून तिच्याखाली विकण्यात फायदा दिसू लागतो. कायद्याने पानावर आणलेला आकडा पानाने खोडून दाखवला, आणि त्या खोडण्यालाच ‘सूट’ असे नाव दिले. गिऱ्हाइकाचे रक्षण करणारा आकडा गिऱ्हाइकाला ओढणारा झाला. यात नियमभंग नाही, आणि माझ्या मते दुखणे नेमके तिथेच आहे.

ताणणारी फूटपट्टी

एक साधे उदाहरण घेऊ. मिक्सरची छापील किंमत ६,००० रुपये आणि विक्रीची २,७००. पानावर ‘५५ टक्के सूट’ झळकते. आता उत्पादकाने पुढच्या खेपेला छापील किंमत ९,००० केली आणि विक्रीची २,७००च ठेवली. सूट झाली ७० टक्के. मिक्सर तोच, मोजायचे पैसे तेवढेच. फक्त गिऱ्हाइकाचे ‘वाचलेले’ पैसे ३,३०० वरून ६,३०० झाले. सुटीची टक्केवारी वस्तूविषयी काहीच सांगत नाही; कोणी केवढा मोठा आकडा छापला, एवढेच सांगते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या विवेचनाचा एक धागा येथे उपयोगी पडतो. रुपया स्थिर आहे की नाही हे त्याच्या विनिमय दरावरून ठरवता येत नाही. देशात त्या रुपयाला वस्तू किती मिळतात, ही खरी कसोटी. मोजमाप ज्याने करायचे तेच स्थिर नसेल, तर मोजणीला अर्थ राहत नाही. प्रश्न वेगळ्या पातळीवरचा आहे याची मला कल्पना आहे, पण तर्क लागू पडतो. एमआरपी ही विक्रेत्याच्या हातातली ताणणारी फूटपट्टी आहे. तिने मोजलेली सूट कितीही मोठी असली, तरी तिच्यावरून भाव रास्त ठरत नाही.

करकपातीतही हाच गोंधळ दिसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रे आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. भाव १० टक्क्यांनी उतरला पाहिजे, असे अनेकांनी धरले. मूळ किंमत १०० धरली, तर कर धरून १२८ होते ते ११८ झाले. १२८ वर १० म्हणजे सुमारे ७.८ टक्के. याहून जास्त उतरले ते विक्रेत्याने सोडले, कमी उतरले ते त्याने ठेवले. फ्रीज आणि कपडे धुण्याची यंत्रे २०१८ पासूनच १८ टक्क्यांत होती, त्यामुळे त्यांच्या भावात या कपातीचा वाटा नव्हता. सेल मात्र सगळ्याच वस्तूंचा एकत्र होता, आणि करकपात कोणती आणि सूट कोणती हे वेगळे काढणे सामान्य माणसाला अवघड गेले.

केळ्यांचा खटला

खोडलेली किंमत खरी असावी, हा आग्रह नवा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची फसव्या किमतींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९६४ सालची आहेत. ‘आधीची किंमत’ म्हणून जी सांगाल, त्या किमतीला माल खरोखर आणि पुरेसा काळ विक्रीला ठेवलेला असला पाहिजे, असा त्यांचा आशय आहे.

युरोपीय संघाने त्याहून नेमका मार्ग काढला. २०१९चा निर्देश मे २०२२ पासून लागू झाला. किंमत उतरवल्याची जाहिरात करताना त्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगणे त्याने बंधनकारक केले. तरी पळवाट निघालीच. जर्मनीत आल्डी या दुकानसाखळीच्या पत्रकात केळी १.२९ युरोला दिली होती, आधीची किंमत १.६९ आणि सूट २३ टक्के. मात्र त्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत १.२९च होती, आणि ती पत्रकात दिलेलीही होती. म्हणजे माहिती दिली, पण सूट भलत्याच आकड्यावर मोजली. ग्राहक संघटना न्यायालयात गेली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की जाहीर केलेली सूट त्या सर्वांत कमी किमतीवरच मोजली पाहिजे. त्या हिशेबाने केळ्यांची सूट शून्य!

आपल्याकडे २०२०चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनुसार एकूण किंमत आणि तिचे सर्व घटक सांगावे लागतात, आणि गिऱ्हाइकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून गृहीत धरता येत नाही. नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या मांडणीचे १३ प्रकार नोंदवले. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत न मागता टाकलेली वस्तू, शेवटच्या पायरीवर उगवणारे शुल्क हे त्यांतलेच. हे सारे स्वागतार्ह आहे. पण खोडलेल्या किमतीला ३० दिवसांच्या आठवणीची अट आपल्या नियमांत नाही. आपल्याला पानाची शिस्त मिळाली, पानाची स्मृती मिळाली नाही.

एका यंत्राचा हिशेब

आता एका घरातला हिशेब देतो. कपडे धुण्याचे यंत्र होते. पानावरचा भाव १७,४९०. खोडलेली किंमत आम्ही कागदावर उतरवलीच नाही. पुढे जाता जाता ९९ रुपये पॅकिंग शुल्क आले, स्टँडचे १,२०० आले, आणि वाढीव हमीचे १,४९९ न विचारता जोडलेले दिसले. बेरीज २०,२८८. हमी काढून टाकल्यावर १८,७८९ राहिले. जुन्या छोट्या यंत्राचे ५०० वजा जाता १८,२८९.

दादरच्या एका दुकानात तशाच यंत्राचे १८,५०० सांगितले. स्टँड आणि घरपोच त्यातच, जुन्या यंत्राचे ८००. म्हणजे १७,७००. पहिल्या नजरेला १,०१० रुपयांनी महाग दिसणारे दुकान शेवटी ५८९ रुपयांनी स्वस्त निघाले.

इथे लेख संपवला असता, तर तो दुकानदारांच्या संघटनेच्या स्मरणिकेत शोभला असता. पण पुढे दोन गोष्टी निघाल्या. एक, पानावर एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर १,५०० रुपये कमी होत होते. कार्ड असणाऱ्याला तेच यंत्र १६,७८९ ला, म्हणजे दुकानापेक्षा ९११ रुपये स्वस्त. त्या घरात पगार रोख येतो, कार्ड नाही. एकाच पानावर एकाच वेळी दोन भाव होते, आणि कमी मिळकतीच्या माणसाला जास्तीचा भाव होता. दुसरी गोष्ट मी प्रथम पाहायला हवी होती, पण ती शेवटी पाहिली. दोन्ही यंत्रांच्या मॉडेल क्रमांकात शेवटची दोन अक्षरे निराळी होती. कंपनी तीच, क्षमता तीच, रंग तोच. एकात आतले पिंप पोलादी, दुसऱ्यात प्लास्टिकचे. म्हणजे आम्ही तासभर तोलत होतो त्या दोन वस्तू एक नव्हत्याच. अशी थोड्याफार फरकाची मॉडेले ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी काढली जातात, आणि मग ‘चार ठिकाणी भाव पाहा’ हा ग्राहक मार्गदर्शनाचा नेहमीचा सल्ला हवेत राहतो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आधी वस्तू तीच आहे हे ठरले पाहिजे, मग भाव.

चूक माझी होती आणि ती मी त्या घरी जाऊन सांगितली. त्यांनी पोलादी पिंपाचे, दुकानातले यंत्र घेतले. ते बरोबर ठरले की नाही हे आणखी पाच वर्षांनी कळेल. कारण यंत्राच्या भावात त्याचे आयुष्य आणि दुरुस्तीही धरावी लागते, आणि ते दोन्ही आकडे कोणत्याच पानावर नसतात.

रास्त कोणाला?

आतापर्यंत मी ‘रास्त’ हा शब्द ग्राहकाच्या बाजूने वापरला. तो तेवढा एकतर्फी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘कण्टकशोधन’ या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून रक्षणाचा विचार आहे. तिथे भाव ठरवताना गुंतवणूक, किती माल निपजला, जकात, व्याज, भाडे आणि इतर खर्च हे सगळे मोजायला सांगितले आहे. ठरलेल्या खरेदीदरावर देशी मालाला ५ टक्के आणि परदेशी मालाला १० टक्के नफा मान्य केला आहे. आजच्या बाजाराला ते टक्के लावण्यात अर्थ नाही. पण भाव हा खर्चापासून वर मोजायचा असतो, छापील आकड्यापासून खाली नव्हे, ही दिशा त्यात स्पष्ट आहे. आणि खर्चात माणसांची मजुरीही येते. ‘मोफत घरपोच’ म्हणताना नव्या इमारतीत पाठीवर खोके घेऊन येणाऱ्या मुलाची मजुरी कोणाच्या तरी हिशेबात असतेच. नसेल तर ती त्याच्या अंगावर पडलेली असते. फार स्वस्त भावाकडेही संशयाने पाहायला हवे, ते एवढ्यासाठी.

या भागाला दोन्ही बाजूंचा विचार करणाऱ्या खरेदीची परंपरा आहे. नायगावच्या कामगारांनी १९४८ साली उभारलेल्या ग्राहक संस्थेतून ‘अपना बाजार’ वाढला. बिंदुमाधव जोशी यांच्या ग्राहक चळवळीतून १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ, महिन्याची यादी, एकत्र खरेदी आणि सभासदांनीच केलेली वाटणी ही तिची पद्धत. तिचे महत्त्व केवळ स्वस्ताईत नव्हते. एका कुटुंबाला भावाची माहिती नसते, शंभर कुटुंबांना मिळून ती असते, हे त्या रचनेने दाखवले. मोबाईलने नेमके हेच मोडले. खरेदी एकेकट्याची झाली, आणि शेजारणीने तीच वस्तू केवढ्याला घेतली हे विचारण्याची सवय सुटली.

काय करता येईल

कायद्याच्या बाजूने मागणी एकच आणि साधी आहे. ‘सूट’ हा शब्द वापरायचा असेल, तर त्याआधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी विक्री किंमत शेजारी द्यावी आणि टक्के तिच्यावर मोजावेत. एमआरपी दाखवावी, पण खोडून नव्हे. ती कमाल मर्यादा आहे, जुना भाव नाही. वैधमापन नियमांतल्या २०२१च्या दुरुस्तीने पाकिटावर प्रति ग्रॅम, प्रति किलो, प्रति मीटर अशी एकक किंमत आली. ती पानावर विक्रीच्या भावाइतक्याच ठळक अक्षरांत हवी. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. न मागता जोडलेल्या हमीची तक्रार करण्याएवढा पुरावा आपल्या मोबाईलमध्येच असतो. पैसे भरण्यापूर्वीच्या पायरीचे छायाचित्र काढून ठेवावे.

घराच्या बाजूने मी आता पुढील क्रम पाळतो. खोडलेला आकडा वाचायचाच नाही. मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायचा. सगळी शुल्के धरून, न मागितलेले काढून, शेवटची बेरीज लिहायची. कार्डाची सवलत आपल्याकडे कार्ड असेल तरच धरायची. विक्रेता कोण, बिल कोणाच्या नावाने आणि दुरुस्ती कोण करणार हे पाहायचे. आणि घाईची वस्तू नसेल, तर दोन-तीन आठवडे रोजचा भाव टिपायचा. किमतींचा आलेख दाखवणारी संकेतस्थळे मदतीला आहेत, पण कार्डाच्या आणि अदलाबदलीच्या सवलती त्यांत धरलेल्या नसू शकतात. म्हणून हाताने लिहिलेली नोंद मला जास्त भरवशाची वाटते.

माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या घरखर्चाच्या वह्या मी जपल्या आहेत. ज्वारी, गोडेतेल, रॉकेल, धोतरजोडी. प्रत्येकापुढे तारीख, माप आणि दिलेले पैसे. १९८२चा संप सुरू झाल्यावर नोंदी कमी होत जातात, पण तुटत नाहीत. त्या वह्यांत छापील किंमत किंवा वाचलेले पैसे एकदाही लिहिलेले नाहीत. लिहिले आहे ते दिलेले पैसे आणि घरात आलेला माल.

नव्या इमारतीतल्या दोन मजल्यांवर आम्ही आता एक वही ठेवली आहे. कोणी मोठी वस्तू घेतली, की मॉडेल क्रमांक, तारीख, कुठून घेतली आणि शेवटी किती पैसे गेले, एवढेच लिहायचे. नाव लिहायचे नाही. सुरुवातीला लोक संकोचत होते. जास्त पैसे गेले असतील तर हसे होईल अशी भीती होती. आता वहीत ४१ नोंदी झाल्या आहेत. परवा एक सूनबाई मोबाईल न दाखवता वही मागायला आल्या.